एकाच फंक्शनमधून कधी आकडा, कधी मजकूर, कधी काहीच नाही - जावात हे कसं करता?

दूधपाणी | सोमवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. सहा वर्षं पायथनमधे काढली, आता जावाच्या वाटेला लागलोय, तेही मारूनमुटकून. प्रश्न बाळबोध वाटला तर ह.घ्या.

गावाकडच्या एका दूध संकलन केंद्रासाठी प्रोग्रॅम लिहितोय. नमुना तपासायचं जे मशीन असतं ते केबलमधून एक ओळ पाठवतं, त्यात फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), सभासद नंबर, नमुना ठीक आहे की नाही असं सगळं एकामागे एक. मशीनं तीन वेगवेगळ्या कंपन्यांची, प्रत्येकाची ओळ वेगळी, म्हणून कुठल्या जागी काय आहे ते सेटिंगच्या फाइलमधे ठेवलंय. पायथनमधे माझं एकच फंक्शन होतं, वाच(नाव). फॅट मागितलं की दशांश आकडा, सभासद मागितला की स्ट्रिंग, नमुना ठीक का विचारलं की ट्रू नाहीतर फॉल्स, आणि मशीन गप्प असेल तर नन (म्हणजे काहीच नाही). सुखात चाललं होतं.

जावात पहिल्याच ओळीला अडलो, फंक्शनच्या आधी टाइप काय लिहू? ऑब्जेक्ट (म्हणजे कुठलाही टाइप चालेल) लिहिलं आणि वापरतो तिथे कास्ट मारला, म्हणजे हा अमुक टाइपच आहे असं जावाला ठासून सांगितलं. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला फोन, रांगेत वीस-पंचवीस माणसं कॅन घेऊन उभी आणि स्क्रीनवर क्लासकास्टएक्सेप्शन. झालं असं की मजकुरात टिंब असेल तर डबल (दशांश), नसेल तर इंटिजर (पूर्णांक) असं मी करून ठेवलं होतं आणि एकाच्या दुधाचं फॅट बरोब्बर ४ आलं. ४.० नाही, ४. तो झाला इंटिजर आणि मी त्याला डबल समजून कास्ट करून बसलेलो.

तर तुम्ही लोक हे कसं करता? का जावात असं करायचंच नसतं?

(इथला एडिटर कोडमधली कंसबिंस खातो म्हणून सगळं देवनागरीत लिहितोय, समजून घ्या.)

खटपट्या | सोमवार, रात्री १०.३१

डबल ऐवजी नंबरला कास्ट कर आणि डबलव्हॅल्यू() बोलाव. इंटिजर पण नंबर, डबल पण नंबर. एक ओळ बदलायची. झोपा आता.

शेंगदाणा | सोमवार, रात्री १०.४०

असं फंक्शन आमच्या तालुक्याच्या ऑफिसात आहे की. अर्ज आत टाकायचा, बाहेर कधी दाखला येतो, कधी नवीन अर्ज येतो, कधी "साहेब मीटिंगमधे आहेत" येतं. टाइप आधी कोणी सांगत नाही.

नाचणी | सोमवार, रात्री ११.०५

खटपट्या, ही मलमपट्टी झाली. उद्या सभासद नंबर ००४२ आला की त्यात टिंब नाही, म्हणजे तो पण इंटिजर होणार आणि ४२ होऊन बसणार. मग ४२ नंबरचा दुसराच कोणी सभासद असला की बिल त्याच्या खात्यात. दूधपाणी, हे झालंय का तुमच्याकडे अजून? नसेल तर होईल.

मुळात एकच फंक्शन कशाला हवंय? डेटाबेस वाचायला जावात जो रिझल्टसेट असतो तो बघा. कॉलम कुठल्याही टाइपचा असू शकतो, म्हणून त्यात गेटइंट, गेटडबल, गेटस्ट्रिंग असे वेगवेगळे दरवाजे केलेत. ज्याला जे हवं त्याने त्या दारातून मागायचं. तुमचं पण वाचदशांश, वाचमजकूर, वाचहोनाही करा. गेटऑब्जेक्ट पण आहे त्यात, पण त्या दारातून गेलात की आज सकाळी जे झालं ते होतं.

दूधपाणी | सोमवार, रात्री ११.२०

नाचणी, ००४२ चं वाचून पोटात गोळा आला. आत्ताच बघितलं. झालंय. एका मशीनवर नंबर शून्य लावून येतो, दुसऱ्यावर तसाच. उद्या सकाळी सहाच्या आत दुरुस्त करतो.

जुनापुराणा | मंगळवार, सकाळी ७.५०

नाचणीताईंचं रिझल्टसेटचं उदाहरण चांगलं आहे पण त्यातली मेख सांगायची राहिली. कॉलममधे नल (म्हणजे काहीच नाही, पायथनच्या ननसारखं) असेल तर गेटइंट काय देतो? शून्य. आणि मग ते खरंच शून्य होतं का नल होतं हे विचारायला वॉजनल() नावाचं वेगळं फंक्शन बोलवावं लागतं. किती जण बोलवतात? मी तरी कुणाला आपणहून बोलवताना पाहिलं नाही.

ही खोड जुनी आहे. सी मधे गेटचार नावाचं फंक्शन आहे, एक कॅरॅक्टर वाचून देतं. नावावरून वाटेल की चार (४ नव्हे, कॅरॅक्टरचा एका बाइटचा टाइप) परत करत असेल. नाही, इंट म्हणजे पूर्णांक परत करतं. कारण २५६ प्रकारची बाइट तर यायचीच, शिवाय "फाइल संपली" हे पण सांगायचंय, आणि चारमधे २५७ व्या गोष्टीला जागाच नाही. म्हणजे हे पण तुमच्यासारखंच, एकाच फंक्शनमधून कधी अक्षर तर कधी "काहीच नाही". त्यांनी काय केलं, मोठी पिशवी घेतली आणि कोपऱ्यात एक ऋण आकडा, बहुतेक ठिकाणी -१, "संपलं" म्हणून राखून ठेवला.

माझी शिकवणी नव्वदच्या दशकातली. तेव्हा युनिकोड कोण वापरत होतं, मराठी म्हणजे फाँटची मराठी, १२८ ते २५५ मधे सगळी अक्षरं कोंबलेली. मी गेटचारचं उत्तर चारमधे ठेवलं होतं. पीसीवर चार साइन्ड (ऋण आकडे पण धरणारा), त्यामुळे २५५ ची बाइट आली की ती -१ होते आणि प्रोग्रॅमला वाटतं फाइल संपली. त्या फाँटमधे २५५ वर एक जोडाक्षर होतं. ते जोडाक्षर जिथे येई तिथे अख्खं पत्र तुटायचं. इंग्रजी पत्रं धडधाकट, मराठी पत्रं अर्धी, आणि गिऱ्हाइकाचं म्हणणं की तुमचं मशीन मराठीद्वेष्टं आहे! चार दिवस गेले शोधण्यात. हेच जर चार अनसाइन्ड असलेल्या मशीनवर केलं असतं तर उलटं, -१ चारमधे टाकल्यावर २५५ झालं असतं आणि लूप कधी संपलाच नसता. एआरएमच्या लिनक्सवर आजही चार अनसाइन्डच असतो, करून बघा.

शेंगदाणा | मंगळवार, सकाळी ८.०२

काका, "मशीन मराठीद्वेष्टं" ला वारलो.

टोपीबदलू | मंगळवार, सकाळी ९.१५

काका +१. पीएचपीवाल्यांना हे रोजचंच. स्ट्रपॉस म्हणून फंक्शन आहे, मोठ्या मजकुरात छोटा मजकूर कुठे सापडला ते सांगतं. सापडला तर जागेचा आकडा, नाही सापडला तर फॉल्स. आता अगदी सुरुवातीलाच सापडला तर जागा काय? शून्य. आणि पीएचपीत शून्य आणि फॉल्स दोन बरोबरांनी तोलले तर सारखेच. म्हणजे शब्द पहिल्याच जागी आहे आणि कोड म्हणतो नाहीच्चे. तीन बरोबर लावा हे प्रत्येक नव्या पोराला सांगायचं, आणि प्रत्येक पोरगं एकदा तरी तोंडावर आपटणार मगच लक्षात ठेवणार. पीएचपी ८ आलं २०२० मधे, त्यात निदान फंक्शनच्या तोंडावर "इंट किंवा फॉल्स" असं लिहिता तरी येतं. आधी ते फक्त डॉक्युमेंटेशनमधे असायचं, म्हणजे कुठेच नाही.

वडाची पारंबी | मंगळवार, सकाळी १०.३०

अरे एवढं काय. जेनेरिक लावा, म्हणजे टाइपच्या जागी नुसतं टी लिहायचं, टी कोण ते वापरताना ठरतं. टी वाच(नाव) असं करा, आत टी ला कास्ट करा, बाहेर डबल फॅट = वाच("फॅट"). कास्ट दिसणार पण नाही. कोड कसा स्वच्छ.

दूधपाणी | मंगळवार, दुपारी १.१०

वडाची पारंबी, करून बघितलं. कंपायलरने पिवळी रेघ मारली, "अनचेक्ड कास्ट". मी सप्रेसवॉर्निंग लावलं, रेघ गेली. मग मुद्दाम फॅटच्या जागी ४ पाठवला. परत तोच एक्सेप्शन, फक्त आता फंक्शनच्या आत नाही, जिथून बोलावलं त्या ओळीवर! तिथे तर मी कास्ट लिहिलाच नाहीये. डोकं आउट.

नाचणी | मंगळवार, दुपारी २.००

होणारच. जावातलं जेनेरिक कंपाइल झालं की पुसलं जातं, चालताना टी म्हणजे कोण हे त्या फंक्शनला ठाऊकच नसतं. त्यामुळे "टी ला कास्ट" ही ओळ प्रत्यक्षात काहीच तपासत नाही. खरा कास्ट कंपायलर गुपचूप बोलावणाऱ्याच्या ओळीत टाकतो, म्हणून तिथे फुटलं. कास्ट दिसत नाही म्हणजे स्वच्छ नाही हो, कचरा सतरंजीखाली गेलाय.

पण वडाची पारंबी अगदीच चुकीचं बोलत नाहीये, आणि इथे मला वाटतं प्रश्नाचीच गाठ सोडवायला पाहिजे. दूधपाणी, तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. मी नेहमी विचारते, टाइप कोणाला माहीत आहे?

"फॅट हवंय" असं जो म्हणतो त्याला बोलावतानाच माहीत असतं की आपल्याला दशांश हवाय. सभासद मागणाऱ्याला माहीत असतं की मजकूर हवाय. म्हणजे टाइप मागणाऱ्याला माहीत आहे, तर मग त्यालाच सांगू दे. मजकुरात टिंब आहे का बघून अंदाज बांधणं हीच मूळ चूक. डबलच्या पार्सडबलला "४" द्या, तो निमूट ४.० देतो. चूक ४ ची नव्हतीच, त्याच्या तोंडाकडे बघून जात ठरवली तिची होती.

पण "मशीन बंद होतं", "नमुना खराब आहे", "फॅट मोजलं, हे घ्या" यातलं काय होणार हे मागणाऱ्याला आधी कळूच शकत नाही. ते फंक्शनलाच माहीत, तेही चालल्यावर. इथे जेनेरिकचा काडीचा उपयोग नाही. इथे परत येणाऱ्या वस्तूवरच चिठ्ठी लागते की मी तिघांपैकी कोण आहे.

गंजका | मंगळवार, दुपारी २.२५

नाचणींनी न सांगता रस्टच सांगितलं की! (मी तोच, प्रत्येक धाग्यावर रस्ट आणणारा, ओळखलंत.) पहिल्या प्रश्नाला आमच्याकडे पार्स. डावीकडे एफ६४ हवा म्हणून लिहिलं की तोच पार्स दशांश वाचतो, डावीकडे आय३२ लिहिलं की पूर्णांक वाचतो. काय परत करायचं हे घेणाराच ठरवतो. हॅस्केलमधे रीड हे कितीतरी आधीपासून असंच आहे. जावा आणि सी++ मधे मात्र फक्त परत येणारा टाइप वेगळा आहे म्हणून एकाच नावाची दोन फंक्शनं करूच देत नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाला एनम. तीन शक्यता, प्रत्येकीच्या पोटात वेगळा माल, आणि मॅच लिहिताना एक जरी शक्यता विसरलात तर कंपाइलच होत नाही. सव्वासहाचा फोन तुम्हाला आदल्या रात्रीच येतो, तोही कंपायलरचा.

शेंगदाणा | मंगळवार, दुपारी २.३१

गंजका आला, आता धागा शंभरी गाठणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

काठावरचा | मंगळवार, दुपारी ४.४५

रस्ट १.० आली २०१५ मधे, त्यामुळे हे काही त्यांचं संशोधन नाही. अल्गोल ६८ मधे युनियन होतं, म्हणजे "हा टाइप किंवा तो टाइप" असं सांगायची सोय, आणि आत कोण आहे हे विचारल्याशिवाय हात लावता येत नसे. पास्कलला व्हेरिअंट रेकॉर्ड होते, त्यात चिठ्ठी असायची पण ती वाचायची सक्ती नव्हती. एडिंबरात होप नावाची भाषा झाली १९८० च्या सुमाराला, तिथून आजच्या सगळ्या एनम आणि सील्डची (जावातला टाइप, ज्याच्या शक्यता आधीच ठरवून बंद करता येतात) वंशावळ निघते.

आणि उलट बाजूचा पूर्वज पण सांगतो. १९६५ मधे टोनी होअर अल्गोल डब्ल्यू ही भाषा बनवत होते, त्यात नल रेफरन्स घातला, कारण घालणं अगदी सोपं होतं. २००९ मधे एका परिषदेत ते स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हणाले. जावात स्ट्रिंग परत करणारं प्रत्येक फंक्शन खरं तर "स्ट्रिंग किंवा नल" परत करतं. म्हणजे दूधपाणी, वेगवेगळ्या टाइपचं उत्तर तुम्ही आधीपासूनच देत होतात, फक्त तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. पायथनमधे पण तेच. तिथे पण वापरायच्या आधी "नन आहे का" हे बघत असालच ना?

दूधपाणी | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

काठावरचा, खरं सांगू? काही ठिकाणी बघत होतो. सगळीकडे नाही.

माजघर | मंगळवार, संध्याकाळी ७.००

अवांतर: टाइपला "प्रकार" आणि रिटर्नला "परतावा" का म्हणत नाही तुम्ही लोक? मराठी संस्थळ आहे ना?

शेंगदाणा | मंगळवार, संध्याकाळी ७.०४

परतावा म्हटलं की इन्कम टॅक्स आठवतो. तिथे रिटर्न आपणच भरायचा आणि परतावा येईल तेव्हा खरा. म्हणजे तो पण नलेबलच.

माजघर | मंगळवार, संध्याकाळी ७.०९

बरं बाई, चालू द्या.

झेंडूबाम | मंगळवार, रात्री ८.१५

मी गो भाषेत लिहितो, तिथे हा तमाशाच नाही. फंक्शन दोन गोष्टी परत करतं, उत्तर आणि एरर. एरर नल नसेल तर निस्तरा, असेल तर पुढे चला. साधं, डोक्याला ताप नाही.

गंजका | मंगळवार, रात्री ८.२०

"उत्तर किंवा एरर" आणि "उत्तर आणि एरर" यात फरक आहे झेंडूबामजी. तुमच्याकडे दोन्ही येतात. एरर आला तरी उत्तराच्या जागी शून्य बसलेलंच असतं. एररच्या जागी अंडरस्कोअर (नको आहे याची खूण) लिहून तो टाकून दिला की दूधवाल्याच्या पावतीवर फॅट ०.०.

झेंडूबाम | मंगळवार, रात्री ८.३३

टाकून देणाऱ्याला भाषा काय करणार? रस्टमधे अनरॅप (एरर आला तर प्रोग्रॅमच पाडणारं) लिहिणारे काय कमी आहेत?

बाकी गो मधे मी एकदा दुसरीकडेच मार खाल्लाय तो सांगतो, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. माझ्या स्वतःच्या एररचा पॉइंटर होता, तो नल होता, आणि फंक्शनचा परतीचा टाइप एरर इंटरफेस. नल पॉइंटर त्या इंटरफेसमधे गेला की इंटरफेस स्वतः नल राहत नाही, कारण त्याच्यावर टाइपची चिठ्ठी चिकटलेली असते. सगळं नीट चाललंय आणि कोड ओरडतोय एरर आला एरर आला. छापून बघितलं तर नल छापतंय! त्या रात्री बायकोला वाटलं नोकरी गेली.

वडाची पारंबी | मंगळवार, रात्री ९.००

मग ऑप्शनल वापरा ना, जावा ८ पासून आहे, २०१४. ऑप्शनल ऑफ डबल. नल गेला, कटकट मिटली.

नाचणी | मंगळवार, रात्री ९.१२

ऑप्शनल "नाही" एवढंच सांगतो, "का नाही" ते सांगत नाही. इथे का नाही तेच हवंय. मशीन बंद असेल तर थांबायचं, नमुना खराब असेल तर दुसरा घ्यायचा. दोन्हीला रिकामा ऑप्शनल दिला तर काउंटरवरच्या पोराने काय करायचं?

खटपट्या | मंगळवार, रात्री ९.३०

एक्सेप्शन फेका की. त्यासाठीच आहेत ते. मशीन बंद = एक्सेप्शन. जावात तर चेक्ड एक्सेप्शन आहेत, फंक्शनच्या सहीतच लिहावं लागतं आणि पकडल्याशिवाय कंपाइल होत नाही. तेच सील्डचं काम, आणि पहिल्यापासून आहे.

जुनापुराणा | मंगळवार, रात्री ९.५५

खटपट्या, मुद्दा बरोबर आहे, पण एक विचार. तुमच्याकडे वीज दिवसातून कितीदा जाते? गावात लोडशेडिंग असताना मशीन बंद असणं हा अपवाद नसतो, रोजचा व्यवहार असतो. जे दर सकाळी होतं त्याला एक्सेप्शन म्हणायला माझी जीभ रेटत नाही. केबलच तुटली, पोर्टच सापडलं नाही, तिथे जरूर फेका.

आणि चेक्ड एक्सेप्शनचं लोक काय करतात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. कॅच, महिरपी कंस उघडा, महिरपी कंस बंद. आत शुकशुकाट.

टोपीबदलू | मंगळवार, रात्री १०.०५

कॅचच्या आत "टूडू: नंतर बघू" अशी कॉमेंट असते हो काका. अगदीच शुकशुकाट नाही. माझ्याकडे २०१३ चा टूडू आहे एक, त्याची आता मुंज करायची वेळ झाली.

मीठभाकर | बुधवार, सकाळी ६.४०

मला प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नाही पण धाग्याच्या नावात दूध नसतानाही आत दूध निघालं म्हणून सगळं वाचलं. आमच्या घरी चार गाई आहेत, बाबा रोज दोन वेळा केंद्रावर दूध घालतात. त्यामुळे काउंटरच्या पलीकडून एक सांगते.

मशीनने मोजलंच नाही तर कृपा करून शून्य छापू नका. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून असतो, त्याच्या खाली गेलं की कापतात. पावतीवर ०.० आलं की बाबांचा दिवस वाया, आधी गाईला काय झालं म्हणून काळजी आणि मग केंद्रावर भांडण. पूर्वी वही होती तेव्हा मशीन बंद पडलं तर तो माणूस रेघ ओढायचा, फॅटच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. रेघ दिसली की सगळ्यांना कळायचं की नंतर मागच्या फॅटवरून हिशेब होणार. आणि नमुना नासला असेल तर रेघ नाही, "पु.न." लिहायचा, पुन्हा नमुना. आता कॉम्प्युटर आला आणि रेघ ओढायची सोयच राहिली नाही, तिथे आकडा टाकल्याशिवाय तो पुढेच जात नाही.

नाचणी | बुधवार, सकाळी ८.१०

मीठभाकर, तुम्हाला ओ की ठो कळत नाही म्हणता आणि आम्ही दोन दिवस जे बोलतोय ते त्या वहीत होतं. आकडा, रेघ, पु.न. तीन शक्यता आणि तिन्ही वेगळ्या दिसतात. रेघेची बेरीज कोणी चुकून पण करणार नाही. शून्याची करेल.

काठावरचा | बुधवार, सकाळी ८.३०

+१. काय प्रतिसाद आहे!

दूधपाणी | बुधवार, सकाळी ११.००

मीठभाकर, दंडवत. माझ्या कोडमधे मशीन गप्प असेल तर डबल ०.० परत जात होतं, कारण "डबल परत करायचा म्हणजे काहीतरी आकडा द्यावाच लागेल ना" असं मला वाटलं होतं. जुन्या पावत्या काढून बघतोय आज.

आता सील्ड करायला बसलो तर नवीन घोडं अडलं. केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर जावा ८ आहे आणि ते बदलायला तिथला माणूस तयार नाही, बाकीचं कायकाय त्याच्यावर चालतं म्हणे. सील्ड आलं १७ मधे, स्विचमधे टाइप ओळखणं २१ मधे. आता?

जुनापुराणा | बुधवार, दुपारी १२.१५

गरज पडली की जुन्याचाच जुगाड कामाला येतो. एक अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास करा, "मोजणी". त्याचा कन्स्ट्रक्टर (वस्तू घडवणारं फंक्शन) प्रायव्हेट ठेवा. मग त्याच्या पोटातच तीन क्लास लिहा: आकडा, रेघ, पुन्हानमुना. कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट म्हणजे पोटातल्यांशिवाय कोणीच त्याला एक्स्टेंड करू शकत नाही. घर बंद झालं.

आता स्विच नाही, तर मोजणीवर एकच फंक्शन ठेवा, त्याला तीन लॅम्डा (बिननावाची छोटी फंक्शनं) द्यायचे. आकडा असेल तर हे कर, रेघ असेल तर ते, पुन्हा नमुना असेल तर ते. लॅम्डा जावा ८ मधे आहेतच. तीनही दिल्याशिवाय कॉल कंपाइल होत नाही, म्हणजे गंजकाच्या मॅचचं काम झालं. सी मधे आम्ही हेच एनम आणि युनियन एका स्ट्रक्टमधे बांधून करायचो, फक्त तिथे चिठ्ठी न बघता युनियनमधे हात घातला तरी कोणी अडवत नसे. डबलच्या जागी पॉइंटरचे तुकडे मिळायचे, ती मजा गेली.

गंजका | बुधवार, दुपारी १२.२०

काका, ही मजा नव्हती.

वडाची पारंबी | बुधवार, दुपारी १.४०

पण उद्या चौथी शक्यता आली की? समजा "दुधात पाणी आढळलं" (सॉरी धागाकर्ते, आयडीवरून नाही). मग जिथे जिथे तीन लॅम्डा दिलेत तिथे सगळीकडे चौथा द्यावा लागेल. पन्नास ठिकाणी कोड फुटेल. इंटरफेस आणि मेथड केली तर नवा क्लास लिहिला की काम झालं.

काठावरचा | बुधवार, दुपारी २.३०

हे भांडण जुनं आहे, फिलिप वॅडलरने १९९८ मधे त्याला नाव पण दिलं, एक्स्प्रेशन प्रॉब्लेम. शक्यता बंद ठेवल्या तर नवीन काम जोडणं सोपं आणि नवीन शक्यता जोडणं अवघड. इंटरफेस केलात तर नेमकं उलटं. तुमच्याकडे काय जास्त वेळा बदलतं त्यावर ठरवा. मशीनचे निकाल वर्षानुवर्षं तेच, त्यांच्यावरची कामं मात्र वाढतात, पावती, एसएमएस, दहा दिवसांचं बिल. इथे बंदच बरं. आणि पन्नास ठिकाणी फुटेल म्हणता, तर पाण्याच्या दुधाचं काय करायचं हे त्या पन्नास ठिकाणी कोणीतरी ठरवायला नको का?

टोपीबदलू | बुधवार, दुपारी ३.००

एवढं सगळं बोललात तर जावाची एक गंमत ऐका. ऑब्जेक्ट ओ = ट्रू ? १ : २.० असं लिहा आणि ओ छापा. काय येईल?

खटपट्या | बुधवार, दुपारी ३.०३

१.

टोपीबदलू | बुधवार, दुपारी ३.०५

१.० येतं. एका बाजूला इंट आणि दुसऱ्या बाजूला डबल दिसला की तो दोघांना आधी डबल करून घेतो, मग ऑब्जेक्टमधे ठेवतो. तुम्ही २.० कधी निवडणारच नसलात तरी.

खटपट्या | बुधवार, दुपारी ३.११

चालवून बघितलं. खरंच १.०. आता मला कशावरच विश्वास नाही.

दूधपाणी | शुक्रवार, रात्री ९.४५

मंडळी, झालं एकदाचं. काय केलं ते सांगतो.

नाचणींनी दोन प्रश्न वेगळे केले तसेच वेगळे ठेवले. ओळीतला रकाना वाचायला नावाची स्ट्रिंग देणं बंद केलं, त्याऐवजी रकाना नावाचा क्लास केला आणि त्यालाच टाइप चिकटवला. रकाना ऑफ डबल म्हणजे फॅट, रकाना ऑफ स्ट्रिंग म्हणजे सभासद, आणि मजकुराचा टाइप कसा करायचा हे त्या रकान्याच्याच पोटात. वाच(फॅट) म्हटलं की डबलच येतो, कास्ट नाही, पिवळी रेघ नाही. वडाची पारंबी, म्हणजे तुमचं जेनेरिक आलंच शेवटी, फक्त टी कोण आहे हे रकाना सांगतो. मजकूर चाललाच नाही तर रकाना एक्सेप्शन फेकतो, तो एकाच ठिकाणी पकडतो आणि पु.न. करतो. खटपट्या, हे तुमचं.

आणि मशीनकडून येतं ते काकांच्या रेसिपीने, आकडा, रेघ, पुन्हानमुना, नावं मराठीतच ठेवली. पावतीवर आता खरंच आडवी रेघ छापली जाते. काउंटरवरच्या पोराने पहिल्याच दिवशी विचारलं, "ही रेघ वहीतली ना?"

जुन्या पावत्यांत शून्य फॅटच्या अकरा निघाल्या. केंद्रावर जाऊन कबूल केलं, त्यांनी मागच्या फॅटवरून फरक काढून दिला. दोन जणांनी भरपूर ऐकवलं, ऐकून घेतलं.

मीठभाकर | शुक्रवार, रात्री १०.१०

रेघ परत आणलीत! बाबांना सांगते. त्यांचं केंद्र वेगळं आहे पण तुमचा प्रोग्रॅम तिकडे पण पाठवा.

खटपट्या | शुक्रवार, रात्री १०.१५

दोन दिवसांत पन्नास प्रतिसाद आणि काम माझ्या एका ओळीत भागलं असतं. :डोळा मारा:

जुनापुराणा | शुक्रवार, रात्री १०.४०

दूधपाणी, उत्तम. एकच विचारतो. फॅट डबलमधे ठेवलंय ते ठीक, पण त्यावरून निघणारे पैसे कशात ठेवता?

दूधपाणी | शुक्रवार, रात्री १०.४२

डबलमधेच. का?

शेंगदाणा | शुक्रवार, रात्री १०.४३

काका, नका. त्याला नवीन धागा काढू द्या. मी पॉपकॉर्न आणून ठेवतो.